लाभ, दोन, तीन

हितेंद्र गावडे हा माणूस बोलत नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. तोतरा नाही, मुका नाही, शिष्टही नाही. त्याच्या डोक्यात वाक्य तयार होतं, ते तो एकदा आतल्या आत तपासून बघतो, आणि तोंडाबाहेर काढेपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असतो. लालबागला माझा टायपरायटर दुरुस्तीचा गाळा. टायपरायटर संपले तेव्हा अर्धा गाळा मी त्याला कॉम्प्युटर दुरुस्तीला दिला, त्याला आता एकवीस वर्षं झाली. उरलेल्या अर्ध्यात मी, माझी खुर्ची आणि तीन मशिनं, जी न्यायला कोणी येणार नाही. सगळे मला नाना म्हणतात. मी कुणालाही काहीही बोलतो. वयाचा तेवढाच फायदा.

हितेंद्रच्या वाटचं बोलणं त्याची बायको मालन बोलायची. ती दोन गल्ल्या पलीकडे मसाल्याच्या दुकानात कामाला होती, पण गाळ्याच्या पाटीवर नंबर तिचा. गिऱ्हाइकाचा फोन आला की ती मिरच्यांच्या ढिगाशेजारी उभी राहून विचारायची, "काय ओ, पंख्याचा आवाज येतो का? नाय? मग बटन दाबून धरा नि दहा मोजा. आमचे हे म्हणतायत तसंच करा." आमचे हे त्या वेळी गाळ्यात मान खाली घालून बसलेले असायचे, आणि त्यांनी काहीही म्हटलेलं नसायचं. पण संध्याकाळी येऊन ती हितेंद्रची वही वाचायची. कुठल्या मशीनला काय झालं, काय बदललं, काय निघालं, सगळं तो त्या वहीत लिहितो. ती वही वाचून वाचून तिला निम्मी दुरुस्ती पाठ झाली होती.

वहीची शिस्त त्याच्या बापाची. दगडू गावडे गिरणीत फिटर होता. गिरणी गेली, दगडूही गेला, पण त्याचं एक सांगणं पोराच्या हातात राहिलं: एका वेळी एकच नट सोडवायचा. दोन सोडवले आणि मशीन चाललं, तर कशाने चाललं ते कळत नाही. हितेंद्र एक गोष्ट बदलतो, तपासतो, लिहितो, मग दुसरी. वेळ लागतो. मी त्याला म्हणायचो, "तुझ्याकडे दिलेला कॉम्प्युटर नातवाने न्यायचा." तो हसायचा, आणि ते हसूसुद्धा जरा उशिरा यायचं.

मालनची मजा वेगळी होती. ती मालवणकडची. धणे असोत, मिरच्या असोत, पोत्यातून माप भरून ओतताना ती पहिल्याला एक म्हणायची नाही. लाभ म्हणायची. लाभ, दोन, तीन, चार. गावी भात मोजताना तिची आई तसं मोजायची. पहिलं माप लक्ष्मीचं, त्याला नुसतं एक कसं म्हणायचं? वर्षाचा मसाला करायला आलेल्या बायका तिच्याकडूनच मोजून घ्यायच्या. तिचा आवाज खणखणीत होता, मसाला कुटायच्या डंखांच्या धडधडीतूनही तो रस्त्यापर्यंत यायचा. पुढे दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा आला, कॉम्प्युटरला जोडलेला. वजन आपोआप पडद्यावर, पावती आपोआप बाहेर. माप गेलं. मालन मात्र काट्यासमोर उभी राहूनही लाभच म्हणायची. काही वर्षांनी दुकानाने नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुना हितेंद्रकडे आला. काट्याचा प्रोग्राम त्याने काढून टाकला आणि मशीन स्वतःच्या कामाला ठेवलं. गाळ्यातलं सगळ्यात दमदार मशीन तेच.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी तिचा आवाज बसला. मिरचीने बसला असेल म्हणून दोन महिने हळद-दूध झालं. मग परळच्या हॉस्पिटलात नळी घालून बघितलं आणि डॉक्टरांनी सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज राहणार नाही. गल्लीतल्या बायका मिरचीला दोष देत राहिल्या. डॉक्टर तसं काही म्हणाले नाहीत, आणि कारण कळून करायचं तरी काय होतं?

ऑपरेशनला बारा दिवस असताना संघमित्रा आमच्या गाळ्यात आली. भोईवाड्यात राहणारी मुलगी, आवाज गेलेल्या माणसांना बोलायला शिकवण्याचं काम करते. तिच्या संस्थेकडे एक प्रोग्राम होता. माणसाने आपल्या आवाजात तीनशे वाक्यं वाचून द्यायची, आणि मग फोनवर काहीही टाइप केलं की तो प्रोग्राम ते त्याच माणसाच्या आवाजात बोलून दाखवतो. तीनशे नाही झाली तरी दीडशे हवीतच. फोनवरचं रेकॉर्डिंग चालत नाही; संस्थेचा चांगला माइक कॉम्प्युटरच्या यूएसबीत लावून, प्रोग्राममध्येच वाचायचं. तिने माइक आणला होता, मुठीएवढा, काळा. हितेंद्रने दमदार मशीन पुढे केलं आणि तिने कोड टाकून प्रोग्राम त्यात बसवला.

"डॉक्टर म्हणाले आवाज जपून वापरा," ती मालनला म्हणाली. "रोज पंचवीस-तीस वाक्यं, मावशी. बाकी दिवसभर गप्प बसायचं."

"गप्प बसायचं काम ह्यांचं," मालन घोगऱ्या आवाजात म्हणाली. "मला सवय नाय."

पहिली पंचवीस वाक्यं संघमित्रासमोरच झाली. मालन वाचता वाचता वैतागत होती. "कृपया दरवाजा उघडा. मला पाणी हवे आहे. असं कोण बोलतं गो? मी जन्मात कुणाला कृपया म्हटलं नाय." पंचवीस पूर्ण झाली की प्रोग्राम तो गठ्ठा जपून ठेवायचा. मध्येच बंद पडलं तर गठ्ठा गेला. पहिला गठ्ठा जपला गेला आणि संघमित्रा निघून गेली.

दुसऱ्या दिवशी एकोणिसाव्या वाक्याला पडदा निळा झाला. कॉम्प्युटर पडला आणि आपणच परत सुरू झाला. एकोणीस वाक्यं गेली. मालन पाणी प्यायली आणि तिने पुन्हा वाचायला घेतलं. आता चौदाव्याला निळा. हितेंद्रने तिला हाताने थांबवलं.

इथे मला थोडं समजावून सांगावं लागेल, जसं हितेंद्रने मला तीन दिवसांत तुकड्या-तुकड्याने समजावलं. बाहेरून काही जोडलं की कॉम्प्युटरला त्याची भाषा कळत नाही. मध्ये एक दुभाष्या लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. ती एक फाइल असते. दुभाष्या नीट असेल तर तो आहे हे कळतही नाही. तो चुकला तर कॉम्प्युटर सगळं सोडून निळा पडतो. मी त्याला विचारलं, "मग तो दुभाष्या दाखव मला." दाखवण्यासारखं काही नव्हतं. चाळीस वर्षं मी अशी मशिनं दुरुस्त केली ज्यांच्या बिघाडावर बोट ठेवता येतं. ह्या बिघाडाला जागाच नव्हती, आणि मला त्याचा मनापासून राग आला.

"दुसऱ्या कॉम्प्युटरवर टाक ना," मी म्हणालो.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "कोड एका मशीनलाच लागतो. विंडोज पुसून टाकलं तरी जातो. संघमित्रा मॅडमनी नवीन मागितलाय. दहा-पंधरा दिवस म्हणतायत."

दिवस अकरा उरले होते. त्याने वही उघडली.

त्याने यूएसबीची वायर बदलली. तपासलं. पडला. मागच्या भोकातून काढून पुढच्या भोकात लावला. पडला. माइकचा ड्रायव्हर काढून नवा टाकला, मग त्याच्या आधीचा जुना टाकला. कधी तीन मिनिटांत पडायचा, कधी आठ. कॉम्प्युटर पडताना एक नोंद ठेवतो, त्यात गुन्हेगार फाइलचं नाव असतं. पण दर वेळी नाव निघायचं ते विंडोजच्या स्वतःच्या यूएसबी फाइलचं, आणि ती फाइल निर्दोष आहे हे हितेंद्रला ठाऊक होतं. कुणीतरी तिच्या आडून करत होतं.

आता माझं सांगतो. दुसऱ्या दिवशीच तपासायची वेळ आली तेव्हा हितेंद्र माइकसमोर वाकला. त्याने तोंड उघडलं आणि काय बोलावं ते त्याला सुचेना. मी खुर्चीतून म्हणालो, "तू कशाला? ज्या अक्षराची तक्रार, तेच अक्षर मारून बघायचं. तिच्या आवाजाला पडतंय ना, तिलाच बोलू दे." माझ्या धंद्याचा हा पहिला नियम आहे. गिऱ्हाईक म्हणालं की 'क्ष' उठत नाही, तर 'अ' मारून बघण्यात अर्थ नसतो. मी हे फार ठसक्यात सांगितलं. हितेंद्रला ते पटलं, आणि खरं सांगायचं तर त्याची सुटकाही झाली.

मालन हसली. "बोलते की. माझं काय जातंय?"

तपासायला तीनशेमधली वाक्यं कशाला खर्चायची, म्हणून ती मोजायची. लाभ, दोन, तीन, चार, शंभरपर्यंत, परत लाभपासून. हितेंद्र साध्या रेकॉर्डरवर तिचा आवाज घ्यायचा, दर दोन मिनिटांनी एक फाइल बंद करायचा, आणि निळा पडदा येईपर्यंत ती मोजत राहायची. सकाळी दोनदा, दुपारी दोनदा, संध्याकाळी एकदा. एक नट सोडवायचा, मालन मोजणार, वहीत नोंद. मेमरीची पट्टी बदलली, लाभ, दोन, तीन. वीज वाचवायचं सेटिंग बंद केलं, लाभ, दोन, तीन. मधूनच ती थांबून म्हणायची, "रवा वायच," म्हणजे जरा थांबा, आणि कोमट पाणी प्यायची. सहाव्या दिवशी तिला पन्नासच्या पुढे जाता येईना. आठव्या दिवशी वीस.

"असू दे," ती म्हणाली. "चालू झालं की एका बैठकीत वाचते सगळं. राखून ठेवलाय आवाज."

राखून कुठला ठेवायला? मला तेव्हाच काहीतरी बोलायला हवं होतं. एरवी मी कशावरही बोलतो.

वहीच्या त्या पानांवर एक उपाय लिहून पुढे प्रश्नचिन्ह होतं. विंडोजमध्ये सगळ्या ड्रायव्हरांची हजेरी घेणारं एक साधन असतं. ते लावलं की खोटारडा ड्रायव्हर पकडला जातो, पण त्यासाठी कॉम्प्युटर मुद्दाम पुन्हा पुन्हा पाडावा लागतो. सात-आठ वेळा तरी. तितक्या वेळा मालनला बोलायला लावायचं हितेंद्रच्या जिवावर येत होतं. म्हणून त्याने ते मागे ठेवलं, आणि मग दुसरे बारा उपाय करून तिला त्याहून कितीतरी जास्त वेळा बोलायला लावलं.

ऑपरेशन गुरुवारी होतं. मंगळवारी दुपारी मालन रक्त तपासायला हॉस्पिटलात गेली होती. हितेंद्रने कसलंसं सेटिंग बदलून ठेवलं, माइक लावला, रेकॉर्डर चालू करून बघितला, आणि ती येईपर्यंत थांबावं म्हणून तसाच सोडून सोल्डरिंग करत बसला. मी डबा खात होतो. गाळ्यात कुणी बोलत नव्हतं. आमच्या गाळ्यात मालन नसली की तसंही कुणी बोलत नाही.

पडदा निळा झाला.

मी घास चावत राहिलो. हितेंद्रने सोल्डरिंगची बंदूक खाली ठेवली. तो पडद्याकडे बघत होता, आणि या वेळी त्याचं वाक्य फार लवकर बाहेर आलं.

"नाना, कोण बोलत नव्हतं."

मला कळलं नाही. मग त्याने सांगितलं, आणि तो एवढं सलग बोललेला मी पहिल्यांदाच ऐकला. माइक एकदा चालू झाला की तो कॉम्प्युटरला सतत माल पाठवतो. समोर माणूस बोलतोय की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. शांतता असेल तर शांतता पाठवतो, तेवढीच, त्याच वेगाने. ड्रायव्हरला फरक पडत नाही. कॉम्प्युटर पाडायला आवाजाची गरजच नव्हती. कुणाच्याच.

"मला माहीत होतं हे," तो म्हणाला. "वीस वर्षं माहीत आहे. डोक्यातच आलं नाही."

त्याच्या डोक्यात यायच्या आधी मी माझा नियम ठसक्यात घातला होता. तो तसं म्हणाला नाही. कधीच म्हणालेला नाही.

मग त्याने हजेरीचं साधन लावलं आणि गप्प बसून कॉम्प्युटर पाडायला सुरुवात केली. दोन तासांत आठ वेळा पाडला. आम्ही दोघं चकार शब्द न काढता बसलो होतो. आठव्या वेळी नाव निघालं. मसाल्याच्या दुकानातल्या त्या काट्याची फाइल. प्रोग्राम काढला होता, काटा केव्हाच भंगारात गेला होता, पण वजन कधी येतंय म्हणून यूएसबीच्या दारावर बसवलेली ती एक फाइल मागे राहिली होती. माउस लावा, पेन ड्राइव्ह लावा, ती काही म्हणायची नाही. माइकचा अखंड माल आला की त्यालाच ती वजन समजून मोजायला जायची आणि मोजता मोजता पडायची. हितेंद्रने ती काढून टाकली. माइक एक तास चालू ठेवला. पडदा जसाच्या तसा राहिला. पहिल्याच दिवशी गप्प बसून केलं असतं तर एका दुपारचं काम होतं.

बुधवारी सकाळी मालन आली. संध्याकाळी दाखल व्हायचं होतं. तिने साडी बदलली होती, केस नीट बांधले होते. हितेंद्रने "चालू झाला" एवढंच सांगितलं. ती माइकसमोर बसली आणि वाचायला लागली. पहिलं वाक्य कसंबसं उमटलं, दुसरं अर्धं. तिसऱ्याला फक्त हवा आली. ती पाणी प्यायली, तिने खाकरून बघितलं, गळ्यावर हात ठेवून पुन्हा वाचलं. ओठ हलत होते, शब्द बरोबर होते, आवाज नव्हता. ती थांबली नाही. पंचवीस वाक्यांचा पूर्ण गठ्ठा तिने तसाच हवेत वाचला, आणि मग पुढचा घेतला. कॉम्प्युटर एकदाही पडला नाही. प्रोग्रामने ती सगळी हवा नीट जपून ठेवली.

मी उठून बाहेर जाऊन उभा राहिलो. मला तिथे बसवलं नाही.

ऑपरेशन नीट झालं. गळ्याला भोक आहे, त्यावर ती रुमाल बांधते. संघमित्राने पंचवीस वाक्यांवर काही होतं का ते संस्थेत विचारून बघितलं, होत नाही. नवा कोड ऑपरेशननंतर चार दिवसांनी आला. ती पंचवीस वाक्यं तेवढी संघमित्राने मालनच्या फोनवर बटणं करून दिली. दाबलं की मालनचा आवाज म्हणतो, कृपया दरवाजा उघडा. दोन-तीनदा दाबून मालनने ते बंद केलं. आता ती वहीच्या सुट्या पानांवर लिहिते. बाकी हितेंद्रच्या कॉम्प्युटरवर एका फोल्डरमध्ये एक्केचाळीस फाइली आहेत, लाभ, दोन, तीनच्या. तो त्या ऐकत नाही. पुसतही नाही.

मसाल्याचं दुकान सुटलं. दुपारी ती गाळ्यात येऊन बसते. फोन हितेंद्र उचलतो. पलीकडचा माणूस "हॅलो, हॅलो, मालनताई?" करतो, आणि याचं वाक्य तयार होईपर्यंत ठेवून देतो. ती शेजारी बसून बघत राहते. गिऱ्हाईक कमी झालं आहे.

परवा हितेंद्र चहा आणायला गेला असताना तिने माझ्यापुढे कागद सरकवला. त्यावर लिहिलं होतं, "नाना, तपासताना मी बोलायची गरज होती ना?"

मी चष्मा पुसला. म्हणालो, "होती ना. त्याशिवाय कसं कळणार?"

तिने मान हलवली. मग हितेंद्रची वही ओढली आणि एक पान उघडून माझ्याकडे फिरवलं. त्या मंगळवारची नोंद. बारीक, सरळ अक्षर. 'माइक चालू असला की पुरे. बोलायची गरज नाही.' ती आजही त्याची वही वाचते, हे हितेंद्र आणि मी, दोघंही विसरलो होतो.

ती माझ्याकडे रागाने बघत नव्हती, आणि त्यामुळे आणखीच वाईट वाटलं. तिने कागद परत घेतला, खाली एक ओळ लिहिली आणि मला दाखवली.

"यांना सांगू नका, मी वाचलंय ते."

मग कागदाचे बारीक तुकडे करून तिने माझ्या टेबलाखालच्या डब्यात टाकले. हितेंद्र चहा घेऊन आला. पाठोपाठ करी रोडचा एक जण हेडफोनचा माइक तपासायला ठेवून गेला. हितेंद्रने तो यूएसबीत लावला आणि रेकॉर्डर सुरू केला. सवयीने मालन माइककडे सरकली, मग मागे टेकून बसली. त्याने घड्याळ बघितलं. पाच मिनिटं आम्ही तिघंही गप्प बसून होतो.

माइक ठीक होता. हितेंद्रने वहीत तसं लिहिलं.